ह्यांच्याविषयी

माइकच्या तोंडावरच्या काळ्या स्पंजला एका बाजूने खड्डा पडला होता, अंगठ्याएवढा, आणि तो अंगठा कुणाचा हे त्याला, दादाच्या धाकट्या भावाला, न विचारता कळत होतं—दादा बोलताना माइक असा आवळून धरायचा, जणू सैल सोडला तर दुसरं कुणी घेईल. दुसरं कुणी म्हणजे... मीच की. कार्यक्रमाच्या शेवटी तो माझ्या हातात यायचा तेव्हा दादाच्या मुठीने कोमट झालेला असायचा, आणि त्या कोमटपणात मी सुरू करायचो—सर्वप्रथम, मंडळाच्या वतीने...

माइक टेबलावर ठेवून तो खुर्च्या मांडायला वळला. मंडळाचे अध्यक्ष औषधाच्या दुकानाचे मालक, सभागृहाची किल्ली देताना ते म्हणाले होते, "शोकसभेला आभार नसतात, धाकटे. आज तुम्ही निवांत बसा." आणि मग ओठ दाबत, "नाहीतर दादा उठून घरी जायचे." सत्तरी उलटली तरी सगळ्या शहराला तो धाकटेच. तो हसला होता. विनोद तसा चांगला होता... दादालाही आवडला असता.

दादाने हे मंडळ काढलं आणि मरेपर्यंत चालवलं—व्याख्यानं, चित्रकला स्पर्धा, रक्तदान, एकदा तर पाळीव कुत्र्यांचं प्रदर्शन. त्यात दोन कुत्री भांडली, ती दुसऱ्या दिवशी विसरली, त्यांचे मालक मात्र अजून एकमेकांशी बोलत नाहीत—आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानायला हा. "आभार तूच मान," दादा म्हणायचा. "कुणालाही न दुखवता बोलावं तर तूच." ही शाबासकी की टोमणा, हे त्याने छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता कितीदा उलटंपालटं करून पाहिलं होतं आणि शेवटी शाबासकी म्हणून सोडून दिलं होतं. तो बोलायला उभा राहिला की लोक उठायचे. खुर्च्या सरकायच्या, चपला शोधल्या जायच्या. त्याला वाईट वाटायचं नाही. खरं बोलणं आत आहे, त्याची वेळ आलेली नाही, इतकंच—असं तो समजत आला होता.

आणि आज सकाळी वहिनी चहा गाळत होत्या. दोन कप भरून झाल्यावर तिसऱ्याकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"भावजी, आज तुम्ही बोला."

"मी? अहो, मला कुठं—"

"अध्यक्षांना मी सांगते. बाकीचे सगळे दादांविषयी बोलतील. तुम्ही ह्यांच्याविषयी बोला."

ह्यांच्याविषयी... म्हणजे बनियनवर बसून पायाची नखं कापणाऱ्याविषयी, दाढी करताना गाल फुगवून एकदम गंभीर होणाऱ्याविषयी. त्या माणसाला आता जगात दोघंच ओळखत होती, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याकडे त्याला मागितलं होतं. तो मान डोलावून निघाला, आणि दिवसभर खुर्च्या पुसताना, दादाचा फोटो पुन्हापुन्हा सरळ करताना, शोधत राहिला—आणि सापडलं. लहानपणी दोघं एकाच पलंगावर निजायचे. अंधारात दादा विचारायचा, "झोपलास का रे?" हा म्हणायचा, "हो." दादा म्हणायचा, "बरं." बस्स. तेवढ्यावर दोघांनाही झोप लागायची. हेच सांगायचं. त्यानंतर आयुष्यभर आम्ही दोघं याहून जास्त काही बोललो नाही, आणि कमीही नाही. वाक्य त्याने मनात तपासलं. एकही शब्द खोडावा लागला नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं. मुख्याध्यापक म्हणाले, दादा म्हणजे दीपस्तंभ. डॉक्टर म्हणाले, दादा म्हणजे वटवृक्ष. पहिल्या रांगेत वहिनी मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग त्या अध्यक्षांकडे झुकून काही बोलल्या आणि अध्यक्ष उभे राहिले. "दादांचे धाकटे बंधू... दोन शब्द बोलतील."

माइक हातात आला. समोर वहिनींनी मान वर केली होती. बोटावरचा बंद तसाच राहिला होता. त्याने श्वास घेतला, आणि घशातून अगदी सहज, स्वच्छ, न अडखळता आलं—

"सर्वप्रथम, मंडळाच्या वतीने..."

मागे एक खुर्ची सरकली. मग चार-पाच. कुणी ठरवून उठत नव्हतं. त्याचा आवाज ऐकला आणि पाय आपोआप निघाले, माणसं तर अजून त्याच्याकडेच दुःखी चेहऱ्याने बघत होती. "अहो, बसा, बसा," अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले. थोडे बसले. थोडे दारापाशी पोचले होते. एवढ्यात सावरता आलं असतं. त्याने आत हात घातला, पलंग, अंधार, ते पाच शब्द... तिथं ते होते, पण छापून आल्यासारखे, बालपणी वेळोवेळी विचारपूस केल्याबद्दल आम्ही दादांचे ऋणी आहोत... आणि त्यांच्या मागे, जिथं इतकी वर्षं काही साचत होतं असं त्याने धरलं होतं, तिथं काही नव्हतं. वेळ आली नव्हती म्हणून नव्हे. काहीच नव्हतं.

"...सभागृह उपलब्ध करून दिल्याबद्दल नगरपालिकेचे... ध्वनिव्यवस्थेबद्दल..." आवाज स्थिर होता. उलट, सांगायला लाज वाटते, पण त्याला दिवसभरात पहिल्यांदाच बरं वाटत होतं. वहिनी बघत होत्या. त्यांना वाटत असावं, ही प्रस्तावना आहे, आता ते येईल. त्या थोड्या पुढे झुकल्याही.

यादी संपत आली होती. संपली की गप्प व्हावं लागेल, आणि वहिनी वाट बघतील. म्हणून तो आठवू लागला—आणखी कुणाचे राहिलेत का... आणखी कुणाचे...