पोत्याचं खरं वजन

आपल्याला आयुष्यात कोणी फसवलं नाही, असं काटेसाहेब स्वतःच सांगत. वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून त्यांची हयात गेली होती. त्यांनी दुकानात पाऊल टाकलं की दुकानदाराचा चेहरा उतरे. वजनावर नुसती टिचकी मारून ते आत पोकळ आहे की भरीव, हे सांगत. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, संशय मात्र सुटला नाही. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांच्या लेखी जामिनावर सुटलेले होते.

असा माणूस सत्तरीला टेकल्यावर जिममध्ये वजनं उचलायला लागला, त्याला कारण तसंच होतं. बायकोचे पाय गेले होते. हात, डोळे, जीभ सगळं शाबूत, जीभ तर जरा जास्तच; पण पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर तिला कोणीतरी उचलून ठेवावं लागे. ते काम शेजारच्या इमारतीत राहणारी लेक करत होती. आता लेकीची दूरच्या शहरात बदली झाली होती.

"बाबा, मी जायच्या आत तुम्हाला आईला नीट उचलता आलं, तर ती इथे राहील," लेकीने सांगून टाकलं होतं. "नाहीतर मी तिला घेऊन जाणार. पाडलंत तर काय करायचं?"

तिकडचं घर एवढंसं. तिथे आईची सोय होत होती, बाबांची नाही. इतक्या वर्षांच्या संसारात दोघं कधी चार दिवसांपलीकडे वेगळी राहिली नव्हती.

बायकोचं वजन पन्नास किलो, म्हणून पन्नास हा आकडा ठरला. जिममधली ट्रेनर मुलगी दर सोमवारी दांड्याला प्लेटा लावून काटेसाहेबांची परीक्षा घेई. घरी वाळूचं पोतं होतं. दर सोमवारी त्यात एक डबा वाळू वाढवायची, रोज सकाळी ते छातीशी धरून उचलायचं आणि वाकायला नको म्हणून बायकोच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवायचं, असा नेम होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर सोमवारी दोन आकडे पडत. वर जिमचा, खाली घरचा.

सुरुवातीला दोन्ही आकडे बरोबरीने चढले. मग जिमचा चाळिशीपाशी अडून बसला. घरचा मात्र थांबायला तयार नव्हता. डब्यांच्या हिशेबाने पोतं अठ्ठेचाळीसवर पोचलं होतं. तोच माणूस, तीच कंबर, आणि दोन ठिकाणी दोन वजनं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

चोर जिममध्येच असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. माणूस लवकर तयार झाला तर फी बुडणार, म्हणून जड प्लेटांवर हलके आकडे छापले असतील. ते नोकरीतला जुना हुकाचा काटा पिशवीत घालून घेऊन गेले आणि सगळ्यांदेखत एकेक प्लेट टांगून तोलली. बाकीची मंडळी व्यायाम सोडून बघत राहिली. एकही प्लेट खोटी निघाली नाही.

ट्रेनर चिडली नाही. प्लेटा जागेवर लावता लावता तिने विचारलं, "काका, घरचं पोतं तोललंत का?"

काटेसाहेबांनी काटा पिशवीत घातला. डबे मोजले होते, पोतं कधी तोललं नव्हतं. स्वतःच्या घरी धाड घालायची त्यांना सवय नव्हती.

घरी येऊन त्यांनी पोतं काट्याला लावलं. बेचाळीस. सहा किलो वाळू गायब.

त्या दिवसापासून घरात चौकशी सुरू झाली. केरवाल्या बाईवर नजर गेली, पण वाळू चोरून ती काय करणार? मग लेकीवर. पण तिला आईला न्यायचं असतं, तर तिने पोतं जड केलं असतं. बायकोला ते काही बोलले नाहीत. तीही विणकाम करत खिडकीशी बसून होती आणि जेवताना नेहमीप्रमाणे, "आज भूक नाही हो," म्हणून अर्धं ताट मागे सारत होती.

सोमवारी त्यांनी नवा डबा ओतला, पोत्याचं तोंड दोरीने आवळलं आणि गाठीवर शिशाची मोहोर मारली. मोहोर मारायचा चिमटा त्यांनी जपून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मोहोर जशीच्या तशी होती. पोतं मात्र पुन्हा बेचाळीस.

हे तर त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीतही झालं नव्हतं. चष्मा पुसून त्यांनी पोतं उलटंपालटं केलं. तळाची शिवण एका बाजूला उसवून पुन्हा घातलेली होती. टाके बारीक, एकसारखे, दोरा दुहेरी. तसेच टाके त्यांच्या अंगातल्या सदऱ्याच्या कॉलरलाही होते.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. कुंड्यांमधल्या रोपांना गळ्याशी वाळू आली होती.

"तू?" त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. "मला फसवलंस?"

"फसवायचं काय त्यात?" ती सुई खाली न ठेवता म्हणाली. "शेवटी उचलायचं कुणाला आहे? मलाच ना? मग पोतं माझ्या वजनाचं ठेवलं."

"तुझं वजन पन्नास आहे."

"होतं."

"म्हणजे?"

"उचलून बघा की. एवढे शिकलात ना?"

त्यांनी ट्रेनरने शिकवल्याप्रमाणे पाय रोवले, पाठ ताठ ठेवली, तिचे हात गळ्यात घेतले आणि उचललं. ती सहज वर आली. पाठीला हात लागला तिथे हाडं लागली. दुरून तराजूची दांडी पाहून खोट ओळखणारा हा माणूस रोज समोर बसून जेवत होता, आणि त्याला हे दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"लेकीला माहीत आहे?"

"दवाखान्यात काट्यावर दिसलं तिला. आजारामुळे असेल, असं मीच तिला सांगितलं. तुम्हाला सांगू नको म्हटलं, उगाच घोर लावून घ्याल." तिने मान त्यांच्या खांद्यावर टेकली. "तुमचं वय झालंय हो. पन्नास काही तुम्हाला जमायचे नाहीत. म्हटलं, तुम्ही दर आठवड्याला थोडं वाढवताय, मी थोडं कमी करते. कुठेतरी भेटू."

काटेसाहेब तिला तशीच धरून उभे राहिले. हात थरथरत नव्हते. लेकीला बोलावून हे दाखवलं असतं, तर बायको घरात राहिली असती. कोणी विचारलंही नसतं. जन्मात पहिल्यांदा त्यांना खोटं माप हवंहवंसं वाटलं.

मग त्यांनी तिला हळूच खुर्चीत ठेवलं आणि लेकीला फोन लावून सगळं सांगितलं. "तिला घेऊन जा. जेवायला घाल. पन्नास भरली आणि मला पन्नास उचलता आले की मी न्यायला येईन."

बायको दोन दिवस बोलली नाही. निघायच्या दिवशी गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली.

"दर सोमवारी आकडा कळवायचा. जिमचा. घरच्या पोत्यावर माझा विश्वास नाही."

"आणि तुझा काट्यावरचा."

पहिल्या सोमवारी ते जिममध्ये असतानाच फोन वाजला. त्यांनी आपला आकडा सांगितला. पलीकडून ती म्हणाली, "त्या पोरीला फोन द्या, तिच्या तोंडून ऐकते." ट्रेनरने हसत हसत एक्केचाळीस सांगितले.

"आता तू," काटेसाहेब म्हणाले.

"त्रेचाळीस भरले."

"लेकीला दे फोन."