डावीकडे ओढणारी गाडी

बाबांनी बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या बत्तीस वर्षांत बसला साधा ओरखडा येऊ दिला नाही. त्यामुळे गेल्या वर्षी त्यांनी आपल्याच फाटकाच्या खांबाला आपलीच गाडी घासली, तेव्हा घरात सगळ्यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली. महिन्याभराने दवाखान्यासमोर डावं चाक फुटपाथवर चढलं, तेव्हा हसणं जरा आखडलं. तिसऱ्या वेळी मागच्या सीटवर सहा वर्षांची नात बसली होती. सिग्नलपाशी गाडी डावीकडे सरकत एका सायकलवाल्याच्या इतकी जवळ गेली, की त्याने टपावर थाप मारली आणि बाबांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

"आजोबा, तुम्ही झोपला होतात का?" नातीने विचारलं.

तोच प्रश्न तिने घरी येऊन आपल्या आईला, म्हणजे बाबांच्या थोरल्या मुलीला, जसाच्या तसा सांगितला. थोरली त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. ती खाली आली, खुंटीवरची किल्ली काढून आपल्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "बाबा, आता पुरे."

बाबा भांडले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते नुसते आपल्या पंजांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "हो गं. हात राहिला नाही आता."

त्यानंतर ते खरोखरच म्हातारे झाले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. दाढी घरी करणं सोडून न्हाव्याकडे जायला लागले. थोरलीच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. तिच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब तेच घालायचे. तेही त्यांनी सोडलं. "तुझं तूच घाल बाई, माझा नेम चुकेल," म्हणाले. आई आरशासमोर उभी राहून थेंब घालायची. त्यातला एक डोळ्यात जायचा आणि तीन गालावरून ओघळायचे.

दारात उभ्या असलेल्या गाडीकडे बाबा जाता-येता बघतही नाहीत, हे पाहून थोरलीनेच ती विकायला काढली. पहिल्याच आठवड्यात एक नर्सबाई आल्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायचं त्यांचं काम. त्यांनी गाडी एक फेरी फिरवून आणली आणि सरळ सांगितलं, "गाडी पसंत आहे. पण ती डावीकडे पळते आणि खड्ड्यात खडखडते. नीट करून द्या, मी घेते."

"तेवढं करून देऊ," बाबा म्हणाले. व्यवहाराबद्दल ते तेवढंच बोलले.

थोरलीला गाडी येत होती, पण एरवी ती स्कूटरच चालवायची. गॅरेजपर्यंतच्या वाटेवर गाडी दोनदा डावीकडे गेली. तिला वाटलं, आपलीच सवय मोडली.

गॅरेजचा मिस्त्री जाडजूड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, पुढचं डावं चाक दोन्ही बाजूंनी, घड्याळात नऊ आणि तीन असतात तिथे, पकडलं आणि हलवलं. खट्. मग वर-खाली पकडून हलवलं. खट् खट्. त्याने एक लांब पहार खाली घुसवून जोर दिला, तसा चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात चक्क बोटभर मागे सरकला.

"हे बघा ताई. इथे रबराचा बुश असतो. चाक जागेवर धरून ठेवायचं काम त्याचं. याचा पार चोथा झालाय. बॉल जॉइंट गेलाय, स्टेअरिंगचं टोक सैल झालंय. धक्के झेलणारे शॉकअप तर नावालाच." त्याने चष्मा पुसला. "चालवतं कोण ही?"

"माझे वडील. म्हणजे चालवायचे. आम्हीच बंद केलं. वय झालं, हात राहिला नाही त्यांचा. तीनदा घोटाळा झाला."

"डाव्याच बाजूला ना?"

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. "हो."

"आणि तिन्ही वेळा ब्रेक मारताना?"

तिला आठवायला वेळ लागला. फाटकाशी थांबताना. दवाखान्यासमोर थांबताना. सिग्नलपाशी थांबताना.

"ब्रेक दाबला, की हे डावं चाक मागे सरकणार आणि गाडी तिकडे ओढणार. माणूस काय करेल?" मिस्त्री म्हणाला. "मी असतो तर तीस ठिकाणी ठोकली असती. तुमच्या वडिलांनी वर्षभर हिला नुसत्या मनगटांवर सांभाळलीय. हात राहिला नाही म्हणता? असा हात मला द्या की हो."

थोरली तिथल्याच एका जुन्या टायरवर बसली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. नमुना न तपासता कोणी रिपोर्ट लिहिला असता, तर तिने त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं असतं. आणि स्वतःच्या बापाचा रिपोर्ट तिने एका सायकलवाल्याच्या शिव्यांवरून लिहून टाकला होता. नुसता लिहिला नव्हता, मावशीला, आत्याला, परगावच्या भावाला फोन करकरून वाचूनही दाखवला होता.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. आधी बोलली ती आई.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! मग आता या इकडे, दुपारचे थेंब राहिलेत."

"अगं, पण माझा..."

"बोलणं नंतर. डोळा उघडून किती वेळ बसू?"

बाबांनी बाटली हातात घेतली. पहिला थेंब डोळ्यात गेला, दुसराही गेला. बाबा बाटलीकडे बघत बसले, जणू करामत तिचीच होती.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः गॅरेजमध्ये गेले. थोरलीने लॅबमध्ये अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मागोमाग गेली. मिस्त्रीने काढलेला जुना बुश त्यांनी हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला. तिला वाटलं, आता ते आपल्याला काहीतरी लागेलसं बोलतील, आणि बोलावंच. पण ते मिस्त्रीला म्हणाले, "बस असती तर मी सकाळी पहिल्या वळणावर ओळखलं असतं. इथे कसं कळलं नाही मला?"

"काका, हे एका दिवसात जात नाही. रोज केसभर जातं. बाहेरच्याला एका फेरीत कळेल, रोज चालवणाऱ्याला नाही."

"तसं नाही," बाबा हळू म्हणाले. "कळत होतं. पण वाटायचं, गाडी नाही, आपणच झिजलो."

नवे बुश बसले, बॉल जॉइंट बसला, शॉकअपची जोडी बदलली. स्टेअरिंगचं टोक बदलून चाकांचं अलाइनमेंट झालं. सगळ्याला तिसऱ्या दिवसाची दुपार झाली. थोरलीने पर्समधून किल्ली काढून पुढे केली. बाबांनी हात मागे घेतला.

"तूच घे."

"मी नाही, बाबा. तुम्ही."

ते बसले. सीट पुढे घेतली, आरसा वळवला, पट्टा लावला, पुन्हा आरसा वळवला. नदीकडच्या मोकळ्या रस्त्यापर्यंत त्यांनी गाडी हळूहळू नेली. मागून-पुढून काही येत नाही असं पाहून बाबांनी दोन्ही हात स्टेअरिंगपासून बोटभर वर उचलले. गाडी सरळ चालत राहिली. त्यांनी स्टेअरिंग पुन्हा धरलं आणि जोरात ब्रेक दाबला. गाडी रेघेवर ठेवल्यासारखी थांबली.

बाबांनी इंजिन बंद केलं. मग खिशातून रुमाल काढला.

"बाबा, मी चुकले. विचारायला हवं होतं. तपासायला हवं होतं."

"तू एकटी कुठे? मीही मान डोलावलीच की." त्यांनी नाक पुसलं. "मुलीने म्हातारं म्हटलं की माणूस पटकन विश्वास ठेवतो. सांभाळून म्हणत जा."

"आपण गाडी विकायची नाही. मी नर्सबाईंना फोन करते."

"अजिबात नाही!" इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "नीट करून दिली तर घेते म्हणाली ती. नीट केली. आता माझे हात बरे निघाले म्हणून शब्द फिरवू? ती बाई पायपीट करत आजाऱ्यांच्या दारी जाते."

थोरलीला फार वाईट वाटलं. चूक कळली म्हणून ती सगळीच्या सगळी निस्तरता येते असं नाही, हे तिला त्या रस्त्यावर समजलं.

नर्सबाई आल्या तेव्हा बाबांनी बॉनेट उघडून एकेक गोष्ट दाखवली. काय नवं आहे, काय जुनं आहे, कुठला पार्ट वर्षाने बदलावा लागेल. खांबाला घासल्याची खूणही दाखवली.

"ही चूक माझी," म्हणाले.

"गाडीची," थोरली मधेच म्हणाली.

नर्सबाई गाडी घेऊन गेल्या. त्याच आठवड्यात बाबांनी थोरलीला सांगितलं, "गाडी मिस्त्रीने तपासली. आता मला तपासून घे. अंदाजपंचे काही नको." डॉक्टरांनी डोळे, कान, हातापायांची ताकद, सगळं पाहिलं. चष्म्याचा नंबर बदलला आणि रात्रीची गाडी नको म्हणून बजावलं. दिवसा चालवायला हरकत नाही, असं कागदावर लिहून दिलं. त्या कागदाचा फोटो थोरलीने मावशीला, आत्याला आणि भावाला स्वतः पाठवला.

आता दर रविवारी दोघं जुन्या गाड्या बघायला जातात. तीन झाल्या, पसंत एकही नाही. परवाच्या गाडीचे मालक मोठ्या उत्साहाने नवा रंग दाखवत होते. बाबा रंगाकडे न बघता सरळ खाली बसले आणि दोन्ही हातांनी पुढचं चाक हलवायला लागले. मग दुसरं. मग स्टेअरिंग. मग पुन्हा पहिलं.

मालक अखेर वैतागले. "काका, गाडी घ्यायचीय की नापास करायचीय?"

"थांबा जरा," थोरलीच म्हणाली, आणि बाबांना टॉर्च दाखवायला गुडघ्यांवर बसली.