झडीचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. वर नरसाळं, पोटात बाटली, एवढाच माझा संसार. नाशिकच्या एका कारखान्यात मी घडलो. १९९४ साली शुभांगी नावाच्या तरुण संशोधिकेने मला इगतपुरीजवळच्या एका पाड्यावर, भागुबाईच्या अंगणात रोवलं. समुद्रावरचे ढग घाट चढताना किती पाऊस टाकतात, हे तिला शोधायचं होतं.

बाटलीतलं पाणी भागुबाईने रोज सकाळी मोजून कळवायचं, असं ठरलं. जाताना शुभांगी म्हणाली, "मावशी, फक्त पाऊसच मोजायचा हं. दुसरं पाणी आत जाता कामा नये."

पहिली काही वर्षं मी मनसोक्त भिजलो. मोठ्या तोऱ्यात होती माझी स्वारी. पण आमच्या घाटात पाऊस वाऱ्यावर आडवा येतो. त्याला इथे झड म्हणतात, आणि ती अडवायला घराच्या पश्चिमेला कारवीच्या काठ्यांचा कुड बांधतात. झड माझ्या नरसाळ्यात शिरते हे दिसल्यावर भागुबाईने माझ्यापुढेही तसाच कुड बांधला. पुढे दर पावसाळ्यात बांधायची आणि पावसाळा सरला की सोडायची. मी अर्धपोटी राहू लागलो. सांगणार कुणाला?

शुभांगी यायची ती उन्हाळ्यात. मला पुसायची, रंग द्यायची, शाबासकीही द्यायची. आकडे पाहून तिने ठरवलं, या घाटातला पाऊस घटतोय. ते छापून आलं आणि तिचं नाव झालं.

२००३च्या श्रावणात ती पहिल्यांदाच भर पावसात आली. कुड पाहून थबकली.

"मावशी, हे काय?"

"झड आत येत व्हती ना, ताई. तुमीच म्हनल्या व्हत्या, पाऊसच मोजायचा."

"अहो, झड म्हणजे पाऊसच की."

भागुबाई पायरीवर बसली. "मंग इतकी वर्सं मी खोटंच सांगितलं. तुमचं समदं काम बुडवलं मी."

"तुम्ही नाही, मावशी." शुभांगी तिच्याशेजारी बसली. "पावसाचा अभ्यास करते म्हणवते, आणि पावसात एकदाही इथे आले नाही. माझीच मला लाज वाटते."

दोघींनी मिळून कुड सोडला. आपला निष्कर्ष चुकला, हेही शुभांगीने छापून आणलं. लोकांची बोलणी खाल्ली. आता ती दर पावसाळ्यात येते. भागुबाई मात्र अजूनही बाटली काढताना हळूच पुटपुटते, "चुकलं रं बाबा माझं."

मित्रांनो, कुणाला जपायचं असेल तर तो कशासाठी आहे, हे आधी बघा. मला पावसापासून वाचवू नका. मी भिजण्यासाठीच उभा आहे.