वीस बाय दहाचं घर

जुनी वस्तू दुरुस्त करण्याइतका डोक्याला ताप दुसरा नाही. तीस वर्षं सुतारकाम करतोय, त्यातली एकोणीस इथे ओमानमध्ये, इब्रीत, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. नवं करायचं तर लाकूड आपलं ऐकतं. जुन्यात एक खिळा उपसावा तर चार जागा मोकळ्या होतात, आणि मग बसा त्या बुजवत.

आणि मी काय उपद्व्याप केला? तर कंपनीच्या यार्डात मागच्या बाजूला पडलेली एक कॅरव्हान राहायला म्हणून दुरुस्त करायला घेतली. कॅरव्हान हे नुसतं म्हणायला. चाकं कधीच गेली होती. वीस फूट लांब, दहा फूट रुंद पत्र्याची खोली, सिमेंटच्या ब्लॉकांवर टेकवलेली. एकेकाळी साइटवर इंजिनिअर लोक तिच्यात बसायचे. मग तेलाचे भाव पडले, कामं बंद झाली, दोन हजार सोळाचा उन्हाळा येईपर्यंत निम्मी कंपनी घरी गेली. इंजिनिअरही गेले. मागे राहिली कबुतरं, आणि आमच्यासारखे थोडे.

हौस नव्हती हो मला. प्रेमा येणार होती म्हणून हा खटाटोप. प्रेमा म्हणजे माझी बायको. लांज्याजवळ गावात घर आहे आमचं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण इकडे आल्यापासून संसार कसला? दोन वर्षांनी दोन महिने रजा, आणि रजेवर गेलं की घर पाहुण्यांनी भरलेलं. मी ओटीवर, ती आत माझ्या आईच्या उशाशी. आई, म्हणजे गंगुबाई, अंथरुणाला खिळली होती, तिचं सगळं प्रेमाने केलं. मुलगी आकांक्षा लग्न होऊन चिपळूणला गेली. गेल्या दिवाळीत आईही गेली. मग मीच फोनवर म्हटलं, आता तू इकडे ये.

तिने आधी व्हिसा किती दिवसांचा ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "येते. पण नीट ऐका. तीन महिन्यांचा व्हिसा आहे म्हणून तीन महिने राहीनच असं नाही. तुमच्यासोबत राहायचं असेल तर राहीन. एखाद्या खोक्यात नुसतं पडून राहायचं असेल, तर आठव्या दिवशी माझी मी परत. आणि मग पुन्हा बोलावू नका. माझं वय नाही आता वाट बघायचं."

प्रेमा एक गोष्ट दोनदा सांगत नाही. खरं सांगतो, मला एकट्याने जेवायचा कंटाळा आला होता. उरलेली वर्षं तरी एका ताटाशेजारी दुसरं ताट असावं, एवढंच मागणं होतं माझं.

आमचा अर्बाब, म्हणजे मालक, माणूस बरा. कॅरव्हान मागितली तर म्हणाला, घे. वीज-पाणी माझं, बाकी तुझं तू बघ. आता बाकी म्हणजे सगळंच की! पगार आधीच कमी केलेला. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर माझं अंथरूण हातरुमालाएवढं. तरी म्हटलं, हात आपले आहेत, हत्यारं आपली आहेत. बघू.

ऑगस्टमध्ये सुरुवात केली. इब्रीचा ऑगस्ट म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. हातोडी सावलीत ठेवली तरी चटका देते. दिवसभर कंपनीचं काम, पाच वाजता सुटलो की अंधार पडेपर्यंत कॅरव्हान, आणि शुक्रवारची सुट्टी अख्खी तिच्यात. नाकी नऊ आले. पन्नाशी उलटलेली, कंबर एकीकडे, गुडघे दुसरीकडे.

सोबतीला उस्मान. उस्मान दापोलीचा, एसीचा मेकॅनिक, अकरा वर्षं माझ्याच रूममध्ये. माझी खाट खाली, त्याची माझ्यावर. जिवाला जीव देणारा माणूस, पण तोंडाला बांध नाही. पहिल्या दिवशी त्याने आत पाय ठेवला आणि तो पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला. एसीचं पाणी वर्षानुवर्षं गळून गळून खालची प्लाय पोळीसारखी मऊ झाली होती.

"मिस्त्री," पाय उपसत तो म्हणाला, "वहिनीला आणायच्या आधी विमा काढ तिचा."

"बडबड करू नकोस, पहार आण."

जमीन सगळी उखडली. साइटवरची वापरून टाकलेली प्लाय मागून आणली, सिमेंट खरवडून काढलं, उलटी करून ठोकली. वर विनाइलचा तुकडा अंथरला, कुठल्याशा दुकानाचं काम संपल्यावर उरलेला, लाकडाच्या रेघांचा. छताला गंज लागून भोकं पडलेली, ती बुजवली. आतून थर्मोकोल, वरून हिरवी जाळी. पाण्याची टाकी छतावर होती, ती खाली उतरवून सावलीत ठेवली. नाहीतर उन्हाळ्यात इथल्या नळाला सरळ चहाचं पाणी येतं. उस्मानने भंगारातल्या दोन एसींचा मिळून एक एसी केला. आवाज करायचा, पण गार करायचा.

स्वयंपाकाचा ओटा मात्र मी जीव लावून केला. तिची उंची विचारायला फोन करावा लागला नाही. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागतं, हे पाठ आहे मला. तेवढ्यावरून ओट्याची उंची काढली. खिडकी मोठी केली, कारण तिला भाजी चिरताना बाहेर बघायची सवय. बाहेर बघायला काय, तर यार्ड आणि एक खजुराचं झाड. पण झाड आहे हेही काही कमी नाही. एका बंगल्याच्या दारांच्या कामातले सागाचे तुकडे उरले होते, त्यांचं कपाट केलं, भिंतीत पक्कं बसवलं.

राहता राहिली झोपायची जागा. ओटा, कपाट, न्हाणी, येण्याजाण्याची वाट, सगळं जाऊन कोपऱ्यात जेमतेम जागा उरली. मी टेप लावली आणि एका मिनिटात हिशेब केला. सव्वासहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन माणसं, म्हणजे खाली एक, वर एक. मापं विचार करून काढावी लागली नाहीत, हातातच बसलेली होती. चार खांब, दोन फळ्या, चढायला छोटी शिडी. खोबणीत बसवून डिंक भरला, वर पॉलिश मारलं. हत्ती झोपला तरी हलणार नाही अशी खाट केली.

उस्मान शिडी चढून वर आडवा झाला. डोळे मिटून म्हणाला, "फर्स्ट क्लास, मिस्त्री! आपल्या रूमच्या खाटेपेक्षा भारी. बघ, करकरतही नाही."

मला कोण आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी अर्बाब डोकावला. ओटा बघितला, खिडकी बघितली, मान डोलावली. मग खाटेसमोर उभा राहिला. इथल्या मालक लोकांचं मोडकंतोडकं हिंदी असतं, त्यात त्याने विचारलं, "कितना नफर?" म्हणजे माणसं किती.

"दो नफर, अर्बाब. मैं और मेरा बीवी."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा उस्मानकडे बघितलं, आणि असा हसायला लागला की डोळ्यांतून पाणी. माझी पाठ थोपटून निघून गेला. उस्मान म्हणाला, "खूश झाला रे." मीही म्हटलं, झाला असेल.

प्रेमा दसऱ्यानंतर आली, शुक्रवारी. उस्मानने पिकअप मागून आणली आणि पहाटेच मस्कतला तिला आणायला गेलो. तीन तासांचा परतीचा रस्ता, बाहेर नुसते उघडे डोंगर. ती मध्ये बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. केस पांढरे झालेले. माझेही झाले होते म्हणा. बोलायला तोंड उघडलं की विषय संपायचा. फोनवर रोज बोलणारी आम्ही माणसं, शेजारी बसल्यावर डोंगर बघत राहिलो.

अकराच्या सुमाराला पोहोचलो. तिने बॅग आत घेतली आणि दाराशीच ठेवली. उघडली नाही. माझी नजर त्या बॅगेवरच. म्हटलं, आता ठरेल काय ते.

तिने सगळं हात लावून बघितलं. ओट्याशी उभी राहिली, दोन्ही तळवे टेकवले आणि माझ्याकडे वळली. "मापात आहे हो अगदी."

"मग! सुतार आहे मी."

खिडकी उघडून बघितली, खजूर बघितला. कपाटाच्या सागावरून बोट फिरवलं. चेहरा जरा सैल झाला, आणि माझाही जीव भांड्यात पडला. मग ती कोपऱ्यात गेली. खाली वाकून बघितलं, वर मान करून बघितलं. शिडीला हात लावला.

"हे काय?"

"खाट."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? आपली. तू खाली झोप, मी वर. गुडघे दुखतात माझे, पण तुला कशाला चढायला लावू?"

दारात उभ्या उस्मानला काय अवदसा आठवली कोण जाणे. "वहिनी, काळजी नको, वरची मी स्वतः झोपून बघितलीय. एकदम मजबूत."

प्रेमाने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. आधी हसली. चांगली पोट धरून हसली, आम्हीही मूर्खासारखे हसलो. मग ती खालच्या खाटेवर बसली आणि तिचं हसू कधी थांबलं ते कळलंच नाही. पदराने डोळे पुसत म्हणाली, "अहो, मी बायको आहे तुमची. रूममेट नव्हे."

देवाशपथ सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दोन महिने राबलो, ती खाट घडवली, घासली, पॉलिश केली. नवरा-बायको एका अंथरुणावर झोपतात, एवढं साधं! गावातल्या शेंबड्या पोराला कळेल ते मला कळलं नाही. ओट्याचं माप आठवलं आणि हे विसरलो. कानशिलं तापली माझी. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग.

"जागा कुठाय पण?" मी ओरडलो. "बघ की! वीस बाय दहा! कुठे मांडू पलंग, डोक्यावर?"

"कपाट काढा."

"कपाट भिंतीत बसवलंय. साग आहे तो."

"मग बसा त्या सागाला धरून," ती म्हणाली, आणि दाराशी जाऊन बॅगेशेजारी उभी राहिली. ओरडली नाही, काही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

उस्मान खाली मान घालून बूट चढवत होता. त्याची जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती. पायरी उतरता उतरता हळूच म्हणाला, "मिस्त्री, नसीबाला आणायचं असतं ना, तर मीही हेच केलं असतं रे." नसीबा त्याची बायको. अकरा वर्षांत त्याने तिला एकदाही आणलेली नव्हती.

मी करवत उचलली.

डिंक घट्ट बसलेला, सांधा सुटायचं नाव नाही. स्वतःच्या हाताने केलेलं काम इतकं पक्कं का केलं म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. शेवटी वरच्या फळीखाली चारही खांब कापावे लागले. तिसरा खांब कापताना फळी हलायला लागली. म्हटलं, येते आता डोक्यावर. तर दुसरं टोक कोणीतरी धरलं. प्रेमा. साडीचा पदर खोचून, दात आवळून उभी होती.

"कापा," ती म्हणाली. "धरलंय मी."

कपाटाचे स्क्रू काढले. ते आता ओट्याशेजारी उभं केलं. भिंतीला भोकं राहिली, राहू देत. वरची फळी ब्लॉकांवर टेकवून खालच्या खाटेला जोडली. दोन्हींच्या मध्ये बोटभर फट राहिली, ती तिने स्वतःची शाल घडी घालून बुजवली. मग पिठलं-भात केला. दोघांची ताटं शेजारी शेजारी. काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक मिठाबद्दल बोललो.

जेवून जरा आडवे झालो. ती भिंतीकडे, मी कडेला. मी आपला अंग चोरून, हात छातीवर घेऊन सरळ पडलो, आयुष्यभर पडतो तसा. पाठीचं पार लाकूड झालं होतं. कधी डोळा लागला कळलं नाही.

जाग आली ती दिवस कलल्यावरच्या अजानीने. उठायला गेलो, तर सवयीने आधी मान खाली घातली, खांदे आखडले आणि वाकूनच बसता झालो. अकरा वर्षं उस्मानची फळी डोक्याला लागायची, त्याआधी आणखी कोणाची. मान आपोआप खाली जाते.

प्रेमा जागीच होती. ती बघत होती. तिने हात लांब केला आणि माझ्या डोक्यावर जिथे फळी असायची, तिथे हवेत फिरवून दाखवला.

"वर काही नाही आता," ती म्हणाली. "सरळ बसा."

मी सरळ बसलो. मान अवघडल्यासारखी झाली, डोळेही भरून आले. एसीचा आवाज होत होता म्हणून बरं, नाहीतर हुंदका ऐकू गेला असता. तिने ऐकला नाही असं दाखवलं. कूस बदलली, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली,

"ती बॅग उघडून द्या तेवढी. चेन घट्ट झालीय, माझ्याने ओढवत नाही."