तीनदा सैल केलेली चप्पल

चप्पल दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोला चप्पल चावावी, यासारखी नामुष्की नाही. गेल्या वर्षी हिच्या पावलांवर पट्ट्याचे वळ दिसायला लागले, तेव्हा मला तिच्या पायांपेक्षा माझ्या हाताचाच राग आला. ही सकाळपासून दुपारी दोनपर्यंत लॉन्ड्रीत इस्त्रीपाशी उभी असते. ती आंघोळीला गेली की मी चपलेची शिवण उसवायचो, पट्टा बोटभर सैल करायचो आणि पुन्हा शिवून ठेवायचो. असं तीनदा केलं. तिला सांगितलं नाही. उगाच तिला कशाला वाईट वाटू द्यायचं?

हृदय जरा थकलंय, म्हणून पायात पाणी साचतं, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. रोज सकाळी लघवीची एक गोळी. दर खेपेला त्या विचारायच्या, "चपला घट्ट होतात का?"

"छे हो, उलट सैलच वाटतात," ही म्हणायची. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी शेजारी मूग गिळून बसायचो.

एका रविवारी ओट्यापाशी उठून उभी राहताना हिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खाली कोसळली. मी तिला रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात ब्लडप्रेशर फार खाली गेलेलं निघालं.

"गोळी रोज घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ही पदराशी चाळा करत म्हणाली, "कामावर सारखं बाथरूमला कसं जायचं? मुकादम बाई घड्याळ बघते. म्हणून कामाच्या दिवशी टाळते आणि सुट्टीच्या दिवशी दोन घेते. राहिलेली भरून निघते."

"गोळी म्हणजे उपासाची कसर नव्हे, दुसऱ्या दिवशी भरून काढायला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन घेतल्या की पाणी आणि क्षार एकदम जातात. चक्कर येते, ठोकेही बिघडतात. तुमची कामाची पाळी दोनला सुटते ना? मग घरी आल्यावर अडीचला घ्या. पण रोज एकच, आणि रात्री नको. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा सूज चढली, की थेट इकडे या. डोस मनाने वाढवायचा नाही, बंदही करायचा नाही." मग कागद चाळत थांबल्या. "पण सूज होती, तर चपला सैल कशा?"

मी सांगून टाकलं, "मीच सैल केल्या. तीनदा."

ही रागावेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आणि मला वाटायचं, मी बरी होतेय."

तिला चापट मारल्यासारखं वाटलं असेल. मला तर तसंच वाटलं. प्रेम करत होतो, आणि त्याच हाताने तिला फसवत होतो.

त्यानंतर वजनाची वही भिंतीला टांगली. कामावर बाथरूमला जावं लागलं तर अडवू नये, म्हणून मुकादम बाईला डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवली. ती कुरकुरली, पण तिने ऐकलं. दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

परवा सकाळी ही माझ्या दुकानात आली. दोन दिवसांत वजन दीड किलो वर गेलं होतं आणि पट्टा पावलात रुतला होता. "जरा सैल करून द्या हो. कामाला उशीर होतोय. मला खरंच चालवत नाही."

शिवणाची आरी माझ्या हातातच होती. पाच मिनिटांचं काम. तिचे डोळे पाणावले होते, आणि तिला असं बघणं मला कधीच जमत नाही.

"नाही करणार," मी म्हणालो. तिला कामावर फोन करायला लावला, शटर खाली ओढलं आणि तिचा हात धरून दवाखान्याकडे निघालो.