राजसीचं पाण्याचं लॅपबुक

मी एक जुनं लॅपबुक आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. बदलापूरला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी राहायचो, तेव्हा माझ्यातल्या धरणाची झडप नुसती किलकिली केली तरी साऱ्या इमारतीच्या नळांना पाणी यायचं. टँकरवाले माझ्या नावानं बोटं मोडायचे. एकदा तर तळमजल्यावरच्या एक आजी कळशी घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या, आणि भरून घेतल्याशिवाय उठल्या नाहीत.

हसा. बाई मीटिंगला गेल्यात म्हणून तुम्ही मला कपाटातून खाली ओढलंत, तेही खिचडीच्या हातांनी. वांगणीच्या या बालवाडीत मी कधीचा पडलोय, पण "तू काय हायस रे?" असं आज पहिल्यांदा कुणी विचारलं. विचारणारी ही स्वप्नाली. समोरचे दोन दात पडलेत, पण जीभ शाबूत आहे.

तर मित्रांनो, लॅपबुक म्हणजे मांडीवर घेऊन उघडायचं पुस्तक. पुठ्ठ्याच्या दोन फायली एकमेकींना चिकटवल्या की दोन पाखांचं दार तयार होतं. आत झडपा, फिरत्या चकत्या, घडीच्या पट्ट्या, चिठ्ठ्यांचे खिसे. मुलानं जे पाहिलं, वाचलं, विचारलं, ते त्यानं स्वतःच कापायचं, रंगवायचं आणि आत चिकटवायचं. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी हा फार चांगला प्रकार आहे, असं म्हणतात. माझा विषय होता 'आपलं पाणी'. डाव्या पाखावर बारवी धरण, उजव्या पाखावर स्वयंपाकघरातला नळ, मध्ये सगळा प्रवास.

ज्या घरात मी जन्मलो तिथल्या मुलीचं नाव राजसी. दुसरीत असताना ती वर्गात बोलेनाशी झाली. बाईंनी नाव विचारलं तरी बाकाकडे बघायची. हळूहळू घरातही तिचे शब्द आटले. तेव्हा तिच्या आईनं, उमानं, तिला शाळेतून काढलं आणि स्वतः शिकवायला घेतलं. वडील शरदचंद्र आनंदनगरच्या एका कारखान्यात ऑफिसर. त्यांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत.

"दिवाळीपर्यंत कर," ते म्हणाले. "दिवाळीला दादा येतील. त्यांच्यासमोर पोरगी चार वाक्यं बोलली तर पुढे चालू ठेव. नाहीतर परत शाळा. मग रडायचं नाही."

दादा म्हणजे हरिचंद्र, त्यांचे थोरले भाऊ. उल्हासनगरला मुख्याध्यापक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर पाहुणेसुद्धा अजून ताठ बसतात.

आणि गंमत बघा, पोरगी बोलायला लागली. आधी एक प्रश्न, मग दहा. टाकी भरली हे मोटरला कोण सांगतं? टँकर पाणी कुठून आणतो? धरणातला मासा नळातून का येत नाही? वॉचमनचा हात धरून ती गच्चीवर जाऊन टाकी बघून आली. मिठाईचा खोका फाडून तिनं एक लॅपबुक केलं. माझा थोरला भाऊच म्हणा ना. दिसायला भयाण. नळ टाकीपेक्षा मोठा, टँकरला पाच चाकं, पाइपाच्या जागी सरबताची नळी. एका झडपेखाली तिनं लिहिलं होतं, 'कावळा इथे शी करतो. तरी आपण पितो.'

"हे काकांना दाखवायचं?" उमानं विचारलं.

"मग काय. त्यांच्या टाकीवर पण कावळे असतील ना," राजसी म्हणाली.

उमा हसली. खरंच हसली, मी खोटं का सांगू. पण दिवाळी जवळ आली तसं तिचं हसणं कमी झालं. घरशाळा करणाऱ्या आयांचा एक ग्रुप होता तिच्या फोनवर. तिथे रोज कुणी ना कुणी देखणी लॅपबुकं टाकायचं. एकीच्या ज्वालामुखीतून तर कापसाचा धूर निघायचा. उमा ते फोटो बोटांनी मोठे करकरून बघायची आणि मग खोक्याकडे बघायची. "वर्षभर हेच केलंत का, असं म्हणतील गं," ती स्वतःशीच पुटपुटायची.

शेवटी ती उल्हासनगरच्या बाजारात गेली. कागदवाल्या सिंधी काकांनी पुठ्ठा दाखवला. "बच्चे के हाथ का है तो ये सस्तावाला ले जाओ, भाभी. फटेगा ही."

"नही नही, फाटना नही चाहिए," उमा म्हणाली. "एकदम प्रदर्शन जैसा दिखना चाहिए."

असा मी झालो. धरणाला चंदेरी कागद, नदीला सॅटिनची निळी रिबीन, अक्षरं अशी की छापखान्यानं लाजावं. राजसी शेजारी बसून विचारत राहिली, "मी कापू? मी चिकटवू? एवढंच?" उमा म्हणाली, "थांब गं, वाकडं होईल." मग म्हणाली, "तू फक्त बघ." मग काहीच म्हणाली नाही. मी पूर्ण झालो तेव्हा मिठाईचा खोका रद्दीत गेला आणि मी काचेच्या कपाटात. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला फार थोर वाटलं. ग्रुपवर माझा फोटो गेला. 'ताई, केवढी गुणी लेक तुमची.' 'एवढ्याशा हातांनी केलं?' उमानं खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही.

"मंग तिनं तो खोका रद्दीतनं काढून का नाय आणला?" स्वप्नाली विचारते आहे. ऐक गं. मध्ये बोलू नको.

दिवाळी आली. हरिचंद्र सोफ्यावर, हातात चकली. उमानं मला दोन्ही हातांनी, आरतीचं तबक आणावं तसं आणलं आणि टीपॉयवर उघडं ठेवलं. राजसी हात पाठीमागे बांधून उभी.

"वा," हरिचंद्र म्हणाले. "हे राजसीनं केलं?"

"हो दादा. तिनेच," उमा म्हणाली.

राजसीनं आईकडे पाहिलं. मी ते डोळे पाहिलेत, मित्रांनो. मी पुठ्ठ्याचा आहे म्हणून बरं.

"छान. मग राजसीबाई, हे धरणाचं जरा उघडून समजावून सांगा आम्हाला. आम्ही म्हातारी माणसं, आम्हाला काय कळतंय."

माणूस प्रेमानं बोलत होता. पण पोरगी जागची हलली नाही. शेवटी ती अगदी बारीक आवाजात आईला म्हणाली, "लावू हात?"

हरिचंद्रांनी चकली बशीत ठेवली. उमाकडे बघितलं, मग भावाकडे. फराळ लवकर आटोपला. ते गेल्यावर शरदचंद्रांनी फोन हातात घेतला आणि ओळखीच्या एका बाईंकडे शाळेच्या प्रवेशाची चौकशी केली.

आणि तेव्हा स्वयंपाकघरात काय चाललं होतं म्हणता? पोळ्या करायला वांगणीहून बनूबाई यायच्या. राजसी त्यांना सांगत होती. धरण, मग नदी, मग शुद्ध करायचं केंद्र, तिथे पाण्यात औषध घालतात, मग मोठी टाकी, मग आपली टाकी, मग कावळा. एक पायरी चुकली नाही. बनूबाईंची पोळी तव्यावर करपली, पण त्यांनी मान वळवली नाही. उमा दारात उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर बाहेर गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तिला सगळं येतं. एकदा येऊन ऐका तरी."

"दादांसमोर बोलायचं होतं," शरदचंद्र म्हणाले.

"तिची चूक नाही त्यात. मी..."

"उमा, ठरलं होतं ना आपलं?"

नवी शाळा मोठी होती. गणवेश, बूट, टाय, सगळं. पहिल्या आठवड्यात राजसी घरी येऊन थोडंफार बोलायची. पुढे विचारलं तर मान हलवायची. मग मानही हलवेना. उमा कधी काचेपाशी येऊन माझ्याकडे बघायची, जणू मीच काही केलं होतं. एक दिवस तिनं मला माळ्यावर टाकलं. पुढे बनूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं बालवाडी हाय, तिथं देऊ का?" तर उमानं मला वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. इथे आलो, तर बाईंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "किती सुंदर. पोरं घाण करतील." आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. तिथून मी तुमची खिचडी, तुमची भांडणं, तुमची गाणी ऐकत आलो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मी नाही सांगणार. मला जपू नका. माझी रिबीन ओढा, चकती उलटी फिरवा, नदीवर डाळ सांडा. आणि मोठ्या माणसांना सांगा, पोराच्या हातचं वाकडं काम हिसकावून घेऊन ते सरळ करू नका. त्या सरळ केलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते मला विचारा.

तशी माझी काही तक्रार नाही म्हणा. माझं आयुष्य अगदीच वाया गेलं असं कुणी समजू नये. ज्या दिवशी मी ते घर सोडलं, त्या दिवशी राजसी शाळेतून लवकर आली. दप्तर फेकलं, वर्तमानपत्र फाडलं आणि मला मांडीवर घेतलं. एकेक झडप उघडली. सगळ्या उघडल्या, एकही सोडली नाही. प्रत्येक झडपेखालचं मोठ्यानं वाचलं, इतक्या मोठ्यानं की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. उमा शेजारी बसून रडत होती आणि हसत होती, आणि राजसी म्हणत होती, आई, पुढचं तू वाच, आता तू...

"खोटं बोलतोयस," स्वप्नाली म्हणाली. तिचं नख माझ्या धरणाच्या झडपेखाली होतं. "ही बघ, डिंकानं अजून गच्च चिकटलेली हाय. ही कुनी उघडलीच नाय कधी."