क्लासेनबाईंच्या खिडकीखाली

पर्यटकांना शहर दाखवायची नोव्हेंबरातली दुपारची फेरी गेशेला अगदी नकोशी व्हायची. जर्मनीतल्या ल्यूबेकच्या जुन्या भागातले रस्त्यांचे दगड ओले झाले की तिचा डावा गुडघा कुरकुर सुरू करी, आणि आज तर नदीवरून बोचरा वाराही सुटला होता. मागून येणाऱ्या पाहुण्यांना तिने मारियन चर्चच्या लाल विटांच्या उंच भिंती दाखवल्या, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत गेलेली घरांची माथी दाखवली, व्यापारी धान्याची पोती दोराने माळ्यावर कशी ओढून घेत तेही सांगितलं. तोंड आपलं चालत होतं. वर्षानुवर्षं तीच वाक्यं बोलून तिला स्वतःचाच आवाज परका वाटायला लागला होता.

"बाई, कॉफी कधी मिळणार?" म्युनिककडच्या आलोइस नावाच्या जाडजूड गृहस्थाने विचारलं.

"फेरी संपली की."

"आणि फेरी कधी संपणार?"

"माझं तोंड बंद झालं की!"

सगळे हसले. गेशेला मात्र हसण्याचेही श्रम वाटले.

पुढे तो बोळ होता. दोन मोठ्या घरांच्या मधून, वाकूनच आत शिरावं लागे, आणि आत एकाला एक चिकटलेली छोटी छोटी घरं. एकेकाळी तिथे हमाल आणि धोबिणी राहायच्या. गेशेने नेहमीच्या जागी उभं राहून नेहमीचंच सांगितलं, "हा बोळ किती रुंद ठेवायचा? तर निदान एक शवपेटी बाहेर काढता येईल इतका. तसा नियमच होता म्हणतात."

एवढं बोलून ती थांबली. कारण याच वाक्याला डोक्यावरची खिडकी उघडायची आणि तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या क्लासेनबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. 'झालं? पोहोचवलंत का मला? जिवंत माणसाच्या दारात रोज शवपेटी आणता, लाज नाही वाटत?' एकदा तर म्हातारीने वरून बादलीभर पाणी ओतलं होतं. गेशेही काही कमी नव्हती. तीही खालून ओरडायची.

आज खिडकी बंदच राहिली.

"काय झालं?" आलोइसने विचारलं.

"काही नाही," गेशे म्हणाली. पण तिचा पाय पुढे निघेना. शेवटी चार पायऱ्या चढून तिने दार ठोठावलं.

दार लगेच उघडलं. क्लासेनबाई कोट चढवून उभ्या होत्या. मागे खोलीभर खोकी रचलेली आणि मधोमध एकच खुर्ची.

"मेले नाहीये," त्या म्हणाल्या. "चेहरा कशाला पाडलाय?"

"तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून..."

"आता कशाला ओरडू? उद्या मुलगा येतोय. हॅम्बुर्गला वृद्धाश्रमात खोली घेतलीय त्याने माझ्यासाठी." म्हातारीने पाहुण्यांवरून नजर फिरवली. "काय हो, शवपेटीच्या पुढे काय सांगता तुम्ही? तेवढं ऐकलं की ओरडून मी खिडकी लावून घ्यायचे. पुढचं कधी ऐकलंच नाही."

"पुढे जुन्या इस्पितळात नेते. पूर्वी निराधार म्हातारी माणसं तिथेच राहायची, त्यांच्या खोल्या दाखवते."

"चला तर. मीही येते."

गेशेला नाही म्हणावंसं वाटलं. चढ होता, गुडघा ठणकत होता, उशीर झाला होता. पण आलोइसने आपला दंड पुढे केला आणि म्हातारीने तो धरलाही. मंडळी हळूहळूच निघाली. कॉफीचं कुणी नाव काढलं नाही.

इस्पितळाच्या लांबलचक दालनात लाकडी खोल्यांची रांग होती, कपाटांएवढ्या. गेशे सांगायला लागणार तोच क्लासेनबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"माझी आत्या इथे राहायची," त्या म्हणाल्या. "रविवारी मी केक घेऊन यायचे. पलंगावर बसलं की गुडघे समोरच्या फळीला टेकायचे. मी म्हणायचे, आत्या, गुदमरत नाही का गं? ती म्हणायची, अगं, दार तर माझं आहे. आतून लावता येतं."

मग त्या गेशेकडे वळल्या. आवाज एकदम बारीक झाला होता.

"हॅम्बुर्गला दार आतून लावता येईल ना गं, पोरी?"

गेशेने त्यांचा हात हातात घेतला.

"उद्या तुमच्या मुलाला आपण विचारू," ती म्हणाली. "मी येते सकाळी. कडी नसेल तर बसवून घ्यायला सांगू."

"ओरडशील त्याच्यावर?"

"तुमच्याकडूनच शिकलेय."

म्हातारी हसली. दात नसलेलं, खळखळून हसणं. गेशेने ते कधी पाहिलं नव्हतं.

पाहुण्यांना तिथेच निरोप देऊन गेशेने टॅक्सी बोलावली आणि क्लासेनबाईंना घरी आणलं. म्हातारीने तिला त्या एकुलत्या खुर्चीत बळेच बसवलं आणि चहाची भांडी कुठल्या खोक्यात गेली ते शोधायला लागली. "तू जरा पाय वर घे. तुझं ते लंगडणं मी खिडकीतून रोज बघतेय."

गेशेने बूट काढले. काहीतरी उत्तर द्यायचं होतं, पण किटली उकळायच्या आतच तिचा डोळा लागला.

म्हातारीने गॅस बारीक केला. खिडकीखाली दुसऱ्या कुठल्याशा सहलीची माणसं बोलत बोलत आली, तशी तिने काच उघडून ओठांवर बोट ठेवलं आणि हातानेच त्यांना पुढे जायला सांगितलं.